क्रोशाचा गोल रुमाल सपाट का बसत नाही: झालर, टोपी आणि कोपरे

रुमाल टेबलावर ठेवा, हाताने दाबू नका, आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून कडेकडे बघा. तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते, "गोल विणते तर टोपीच होऊन राहिली". बिघाड मात्र पाच तऱ्हेचे असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

लक्षणं

झालर: मधला भाग टेबलाला टेकलेला, कड मात्र पानकोबीच्या बाहेरच्या पानासारखी वरखाली.

टोपी: कड टेबलाला टेकते आणि मध्य फुगतो. उलटा केला की वाटी.

कोपरे: सपाट बसतो, पण गोल नाही. सहा किंवा बारा कोन स्पष्ट दिसतात.

एकाच बाजूला फुगवटा: बाकी सगळं नीट, एका भागात तेवढी लाट किंवा ओढ.

धुतल्यावर बिघाड: विणून झाला तेव्हा सपाट होता, पहिल्या धुण्यानंतर आकसला किंवा कड सैल पडली.

शेवटच्या प्रकारात टाके मोजत बसू नका, थेट सुताच्या तपासणीकडे जा. बाकी चारांसाठी खालचा क्रम. पहिल्या तपासण्यांना खर्च शून्य आहे आणि दहातले बहुतेक रुमाल तिथेच सापडतात. लोक मात्र सुरुवात नवी सुई विकत आणण्यापासून करतात.

नावं आधी ठरवून घेऊ, कारण अर्धा घोळ त्यातच असतो. सुईवर वेढा न घेता केलेला तो मुका खांब. एक वेढा घेऊन तिन्ही फासे एकदम ओढले तर अर्धा खांब. एक वेढा घेऊन दोन-दोन फासे सोडवले तर खांब. दोन वेढ्यांचा तो लांब खांब. फाशातून नुसता फासा ओढला तर साखळी. टाका ज्यात घालतो ते घर.

हे होतं कशामुळे

संत्र्याची अर्धी साल उपडी ठेवून तळहाताने दाबा. ती सपाट होते, पण कडेला फाटून. सपाट व्हायला कडेला जेवढी लांबी हवी तेवढी तिच्याकडे नसते. टोपी झालेल्या रुमालाचं हेच दुखणं आहे: कडेला टाके कमी. झालरीत उलट, टाके गरजेपेक्षा जास्त, म्हणून जागा नसलेली कड वरखाली उड्या मारते.

किती टाके हवेत याचा हिशेब शाळेतलाच आहे. फेरी एका टाक्याच्या उंचीने बाहेर सरकली की परीघ त्या उंचीच्या ६.२८ पट वाढतो. मुका खांब जेवढा रुंद जवळपास तेवढाच उंच, म्हणून दर फेरीला ६ टाके वाढवायचे. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून १२. अर्ध्या खांबाला ८ ते १०, लांब खांबाला १६ ते १८. हे आकडे कुणा कंपनीचे नाहीत, भूमितीचे आहेत. म्हणून सूत बदललं तरी तेच राहतात.

पहिली तपासणी: थांबायचं की पुढे जायचं

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मध्य जरा उचललेला असला तर काही करू नका. एवढ्या लहान चकतीला स्वतःचं वजन नसतं आणि बंद केलेलं कडं आवळलेलं असतं. चौथ्या फेरीनंतरही तसंच असेल तर मात्र थांबायचं. "पुढे आपोआप बसेल" ही आशा इथे महाग पडते, कारण चूक दर फेरीला साठत जाते.

जाळीचा रुमाल असेल, म्हणजे साखळ्यांच्या कमानी जास्त आणि खांब कमी, तर निकाल ओल्यावरच लावा. कोरडी जाळी नेहमीच गोळा झालेली दिसते.

दुसरी: टेप आणि दोरा

रुमालाच्या मध्यावरून, पृष्ठभागाला टेकवून टेप धरा आणि व्यास मोजा. टोपी असेल तर टेप फुगवट्यावरून जाऊ द्या. मग एक दोरा कडेवरून, प्रत्येक लाटेत वरखाली नेत, पूर्ण फिरवा आणि त्याची लांबी मोजा. व्यासाची ३.१४ पट आली पाहिजे. २० सेंमी व्यासाला सुमारे ६३ सेंमी.

६० ते ६६ च्या आत असाल तर रुमाल उसवू नका, पाणी आणि टाचण्यांनी काम होईल. ७० च्या वर किंवा ५६ च्या खाली गेलात तर कितीही खळ लावली तरी दोन आठवड्यांत तो मूळ पदावर येतो. मधल्या अंतरात निर्णय तुमचा. रुखवतात मांडायचा असेल तर उसवा, फोनखाली ठेवायचा असेल तर राहू द्या.

दोऱ्याचा दुसरा फायदा असा की बिघाड कोणत्या फेरीपासून सुरू झाला ते सापडतं. एक-एक फेरी आत येत मोजा. ज्या फेरीवर ३.१४ जुळतं, तिच्या बाहेरची फेरी दोषी.

तिसरी: टाके मोजणं

खांबांचा रुमाल असेल तर एकूण टाके फेरीच्या क्रमांकाच्या बारा पट हवेत: १२, २४, ३६, ४८, ६०. मुक्या खांबाला ६, १२, १८, २४. मोजताना दर बाराव्या टाक्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा, म्हणजे मध्येच फोन आला तर पुन्हा पहिल्यापासून नको. सेफ्टी पिनही चालते, पण बारीक सुतात तिच्या गोल टोकाशी धागा अडकून चिरतो.

आकडा चुकला तर तो जवळजवळ नेहमी फेरीच्या सांध्यावर चुकलेला असतो. खांबाच्या फेरीची सुरुवात ३ साखळ्यांनी होते आणि त्या ३ साखळ्या म्हणजेच पहिला खांब. हे विसरून त्याच घरात आणखी एक खांब घातला, तर दर फेरीला एक टाका फुकट वाढतो. फेरी संपताना सांध्याच्या आधीचं शेवटचं घर विणायचं राहिलं, तर एक टाका गळतो. "एकाच बाजूला फुगवटा" हे लक्षण इथूनच येतं, आणि सांधा सतत त्याच रेषेत असल्यामुळे फुगवटाही त्याच रेषेत दिसतो. एखाद-दुसऱ्या फेरीतच झालं असेल तर पुढच्या फेरीत सांध्याजवळ दोन टाके एकत्र घेऊन सावरता येतं. चार फेऱ्यांहून जास्त असेल तर उसवणंच सोपं.

सांध्याची रेषा हळूहळू तिरकी सरकत जाणं हा मात्र बिघाड नव्हे. टाक्याचं डोकं खांबाच्या अगदी वर नसतं, किंचित बाजूला असतं, म्हणून रेषा वळते. तिला सरळ करायच्या नादात लोक टाके वाढवतात आणि झालर ओढवून घेतात.

चौथी: नमुना कुठल्या देशाचा

सगळ्यात जास्त रुमाल इथे बिघडतात आणि विणणारीचा यात काहीही दोष नसतो. अमेरिकेत ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला खांब. ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकी ट्रेबल म्हणजे आपला लांब खांब, ब्रिटिश ट्रेबल म्हणजे आपला साधा खांब. घरात आईच्या काळची इंग्रजी पुस्तकं ब्रिटिश पद्धतीची असण्याची शक्यता जास्त, आणि यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकी. एकाचं वाचून दुसऱ्याचं विणलं की काय होतं ते बघा. ब्रिटिश नमुना सहा-सहा डबल वाढवायला सांगतो, तुम्ही सहा-सहा खांब वाढवता, गरज असते बाराची. पाचव्या फेरीला बाळाची टोपी तयार. उलट अमेरिकी नमुन्यात १८ ट्रेबल असतील आणि तुम्ही साधे खांब घातलेत, तर तिसऱ्या फेरीपासून झालर.

ओळखायच्या तीन खुणा आहेत. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे आला तर तो अमेरिकी. ब्रिटिश पद्धतीत हे नाव वापरत नाहीत. दुसरी खूण, फेरीच्या सुरुवातीच्या साखळ्या. एक असेल तर मुका खांब, तीन असतील तर खांब, चार असतील तर लांब खांब, मग नाव काहीही लिहिलेलं असो. तिसरी आणि पक्की खूण म्हणजे आकृती. फुली किंवा अधिकचं चिन्ह हा मुका खांब, नुसता टी हा अर्धा खांब, टीच्या दांड्यावर एक तिरकी रेघ असेल तर खांब, दोन असतील तर लांब खांब. आकृतीला देशाची भाषा नसते. आकृती आणि लेखी कृती दोन्ही असतील तर आकृतीवरच भरवसा ठेवा.

पाचवी: हाताची ओढ

टाके बरोबर, नमुना बरोबर, तरी झालर? मग तुमचे खांब बुटके आहेत. वेढा घेऊन घरातून पहिला फासा वर काढतो, तो किती उंच काढला यावर अख्ख्या खांबाची उंची ठरते. घट्ट हाताची बाई हा फासा घराला चिकटवून ठेवते. रुंदी तीच राहते, उंची घटते.

पाच फेऱ्यांची उंची आणि दहा टाक्यांची रुंदी मोजा. समजा दहा टाके ३ सेंमी, म्हणजे एक टाका ०.३. पाच फेऱ्या ३ सेंमी, म्हणजे एक फेरी ०.६. उंची रुंदीच्या दुप्पट, त्याला ६.२८ ने गुणलं की साडेबारा, म्हणजे बाराची वाढ योग्य. आता पाच फेऱ्या अडीच सेंमीच भरल्या तर फेरी ०.५ ची. हिशेब येतो साडेदहा. तुम्ही बारा वाढवत राहिलात तर दर फेरीला दीड टाका जादा, दहाव्या फेरीला १५ टाके जादा, म्हणजे कडेला साडेचार सेंमी कापड उगाच. झालर यातूनच. उलट सैल हाताच्या उंच खांबांनी टोपी होते.

उपाय दोन. पहिला फासा मुद्दाम सुईच्या दांड्याएवढा वर काढायची सवय लावा, किंवा स्वतःच्या हाताचा आकडा मान्य करून दर फेरीला ११ वाढवा. दुसऱ्याला कमीपणा मानू नये. फक्त जाळीच्या नमुन्यात तो चालत नाही, तिथे पाकळ्या मोजून असतात.

ओढ दिवसभरात बदलते हेही लक्षात घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी घामट बोटांवर सूत अडतं, मग नकळत जोर लागतो आणि टाका आवळतो. रात्री कूलरसमोर बसून विणलेल्या फेऱ्या वेगळ्या, कारण दमट हवेत सुती धागा फुगतो आणि सुईवरून नीट घसरत नाही. एका रुमालात मध्य दुपारचा आणि कड रात्रीची असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. हात धुऊन कोरडे करणं, दर अर्ध्या तासाने सुई पुसणं, आणि कूलरच्या झोतातून बाजूला बसणं, एवढ्याने बरंच भागतं. पावडर लावू नका, पांढऱ्या सुतात ती मळ धरते.

सहावी: सुई आणि सूत

सुईचा नंबर कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून मिलिमीटर बघा. १० नंबरच्या सुताला १.५ ते १.७५, २० नंबरला १.२५ च्या आसपास. सुताचा नंबर वाढला की धागा बारीक होतो, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. स्वस्त ॲल्युमिनियमची सुई पांढऱ्या सुतावर राखाडी छटा सोडते, त्यामुळे रुमालाला पोलादीच बरी. तिचा मुलामा उडाला असेल तर मात्र ती टाकून द्या, गंजाचा डाग निघत नाही.

धुतल्यावर बिघडलेल्या रुमालात संशय सुतावर. गुंडा अर्ध्यात संपला, नागपूरच्या इतवारी बाजारातून दुसरा आणला, रंग जुळला, पण लॉट किंवा कंपनी वेगळी. पाण्यात एक जास्त आकसतं, दुसरं कमी. चकचकीत, मर्सराइज केलेलं सूत कमी आकसतं, साधं मॅट सूत जास्त. बाहेरचं सूत आकसलं तर टोपी, आतलं आकसलं तर झालर. यावर विणकामातून उपाय नाही. पुढच्या वेळी एकाच लॉटचे गुंडे एकदम घ्या, एक जादाच.

मध्ये कापड आणि भोवती क्रोशाची किनार असलेल्या ताटावरच्या रुमालाचंही असंच. नवं कापड न धुता किनार विणली की पहिल्या धुण्यात कापड आकसतं आणि किनारीला झालर येते. कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. चौकोनी कापडाच्या कोपऱ्यात एकाच घरात ३ मुके खांब किंवा ५ खांब लागतात, नाहीतर कोपरा आत वळतो.

दुकानात लोकर म्हणून मिळणारं बरंचसं ॲक्रिलिक असतं. खात्री करायची तर बोटभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवा. सुताला कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख. लोकरीला केस जळाल्याचा वास, राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. मणी झाला तर त्या वस्तूला कधीही इस्त्री टेकवू नका, विण चपटी होऊन कायमची मरते.

सातवी: पाणी, टाचण्या, खळ

सुती रुमाल कोमट पाण्यात २० मिनिटं बुडवा. पिळू नका, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. थर्माकोलवर कागद, कागदावर हव्या त्या व्यासाचं वर्तुळ आणि बारा भागांच्या रेघा, वर पारदर्शक प्लास्टिक. न गंजणाऱ्या टाचण्यांनी आधी समोरासमोरचे चार बिंदू, मग आठ, मग बारा. एका बाजूने सलग टाचत गेलात तर रुमाल अंड्यासारखा होतो.

मे महिन्यात बारा टाचण्या लावेपर्यंत पहिल्या चार वाळलेल्या असतात, तेव्हा हाताशी पाण्याचा फवारा ठेवा आणि पंखा बंद करा. जुलै-ऑगस्टमध्ये याच्या उलट. पूर्ण रात्र पंख्याखाली द्या, नाहीतर कुबट वास बसतो.

खळ हवी असेल तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून दोन कप उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळा, कोमट झाल्यावर रुमाल बुडवा. तांदळाची पातळ पेजही चालते, गाळून. महालक्ष्म्यांपुढे किंवा रुखवतात मांडलेला खळीचा रुमाल तसाच कपाटात ठेवू नका, खळीवर झुरळं आणि कसर येते. धुऊन ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा खळ.

आठवी: उसवणं

कोपऱ्यांसाठी पूर्ण उसवायची गरज नसते. वाढ दर फेरीला त्याच जागी आली की कोन होतो. पाचव्या फेरीत प्रत्येक भागात ३ साधे खांब आणि एका घरात २ असं असतं. त्याऐवजी १ साधा, मग वाढ, मग २ साधे असं करा. पुढच्या फेरीत जागा पुन्हा बदला.

हलकी झालर असेल तर एक फेरी वाढ न करता विणून बघा, पुष्कळदा बसते. टोपीला हा डाव उलटा लावता येत नाही. एका फेरीत भरमसाट टाके वाढवले तर तिथे वळ उठतो आणि कड झालर होते, म्हणजे एका रुमालात दोन्ही रोग. दोषी फेरीच्या एक फेरी आतपर्यंत उसवा. उसवलेलं सूत कुरळं झालेलं असतं. ते ओलं करून ताणून वाळवल्याशिवाय पुन्हा विणू नका, नाहीतर टाके असमान पडतात.

टोपी खोल आणि नीटस असेल, तर कडेला मणी ओवून माठावरचं झाकण करा. तिथे सपाट रुमालापेक्षा ती जास्त चांगली बसते.

इथे थांबा

जुना, आजीच्या हातचा रुमाल असेल तर कोपऱ्यातला धागा बोटांत चोळून बघा. भुगा झाला किंवा हलक्या ओढीने तुटला तर पाण्यात घालू नका, टाचू नका. जीर्ण सूत ओलं झाल्यावर स्वतःच्याच भाराने फाटू शकतं. जुन्या वस्त्रांची डागडुजी करणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा, तोवर पांढऱ्या सुती कापडात न घडी घालता गुंडाळून ठेवा.

जाळी मध्येच तुटली असेल तर रफूवाल्याकडे नेऊ नका. रफू कापडाचं, म्हणजे किनारीच्या रुमालातल्या मधल्या भागाचं. क्रोशाची जाळी क्रोशा येणाऱ्यालाच दुरुस्त करता येते, आणि तोवर सुटलेल्या फाशातून रंगीत दोरा ओवून ठेवा, नाहीतर रोज एक घर सुटत जाईल.

मीटरभराहून मोठा टेबलक्लॉथ किंवा पलंगपोस घरी टाचायच्या फंदात पडू नका. भिजल्यावर तो इतका जड होतो की उचलतानाच ताणला जातो. ड्रायक्लीनरकडे द्या आणि धागा सुती आहे की ॲक्रिलिक हे सांगून द्या. लाल किंवा गडद रंग असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून बघा, रंग लागला तर तेही सांगा.

आणि हाताची ओढ अचानक बदलली असेल, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर दोष सुतात शोधू नका. विणकाम बंद ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत गेलात तर दिवसाला किती तास विणता आणि सुई कशी धरता, हे स्वतःहून सांगा.